घामाची मालकी : वारल्यांचा संप, पुरुषी संप्रेरकाचा शोध आणि उतारवयातील हृदय

१/
सन १९४५. अमेरिकेत पॉल डी क्राइफ या प्रसिद्ध विज्ञानलेखकाचे 'द मेल हॉर्मोन' हे पुस्तक प्रकाशित झाले. उतारवयात पुरुषाचे गेलेले बळ प्रयोगशाळेत तयार झालेल्या एका रसायनाने परत मिळू शकते, हा त्याचा गाभा. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, आजच्या तलासरी तालुक्यातील झरी गावी, हजारो वारली एकत्र आले आणि यापुढे फुकट राबणार नाही, असे त्यांनी ठरवले. या दोन घटनांचा परस्परांशी काय संबंध, हा या धाग्याचा विषय आहे.

२/
प्रथम झरी. त्या काळी हा भाग उंबरगाव तालुक्यात होता. १९६० मध्ये राज्यांची विभागणी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिले. १ ऑगस्ट २०१४ पासून तलासरी आणि डहाणू हे तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. स्वातंत्र्यापूर्वी येथील बहुतेक जमीन सावकार आणि जमीनदारांच्या ताब्यात गेली होती. जमिनीचे मूळ कसणारे वारली त्याच जमिनीवर वेठीला राबत होते.

३/
वेठ म्हणजे बिनमजुरीचे सक्तीचे काम. मालकाने निरोप धाडला की स्वतःच्या शेतातील लावणी सोडून त्याच्या शेतावर जायचे. लग्नासाठी थोडे कर्ज घेतलेला तरुण 'लग्नगडी' होई. तो आणि त्याची बायको दोघेही वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी राबत आणि कर्ज काही फिटत नसे. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या आपल्या पुस्तकात हे जग नोंदवून ठेवले आहे. त्या पुस्तकाला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

४/
जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातील मूठभर वारली तेथे पोहोचले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे ५,००० वारल्यांची सभा झाली. निर्णय साधा होता : वेठ बंद, आणि रोख १२ आणे रोजाखेरीज जमीनदाराच्या शेतावर काम नाही. पावसाळा संपताच गवतकापणीचा हंगाम आला. तेव्हा ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये अशी मागणी पुढे आली आणि विळे थांबले.

५/
१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे हजारो वारली जमले असताना पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. संप मात्र मोडला नाही. पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या कामावरही संप झाला आणि तेथे सव्वा रुपया रोजाची मागणी होती. वारल्यांच्या लेखी प्रश्न स्पष्ट होता. अंगातला घाम कोणाचा, आणि तो किती वेळ गाळायचा हे ठरवणार कोण?

६/
आता दुसरा धागा. पुरुषाचे बळ शरीरात कोठे असते, हा प्रश्न फार जुना आहे. १८४९ मध्ये जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड या प्राध्यापकाने सहा कोवळ्या कोंबड्यांवर प्रयोग केला. खस्सी केलेल्या कोंबड्याचा तुरा खुरटतो, तो नीट आरवत नाही आणि झुंजतही नाही, हे कोंबडी पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. बेर्टहोल्डने काही कोंबड्यांचे काढलेले वृषण त्यांच्या पोटात दुसऱ्या जागी रुजवले. ते कोंबडे इतर नरांसारखेच वाढले, आरवले आणि झुंजले.

७/
वृषणाच्या मूळ नसा तुटल्या होत्या, तरी परिणाम टिकला. याचा अर्थ असा की काहीतरी रक्तातून वाहत सर्व शरीरात पोहोचत होते. संप्रेरकविज्ञानाचा हा पहिला प्रयोग मानला जातो. गंमत अशी की त्यानंतर कित्येक दशके त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. 'हॉर्मोन' हा शब्दही १९०५ मध्ये, अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाच्या व्याख्यानातून रूढ झाला.

८/
१ जून १८८९ रोजी पॅरिसमध्ये शार्ल ब्राउन-सेकार या नामवंत शास्त्रज्ञाने विद्वत्सभेला चकित केले. त्याचे वय तेव्हा ७२ होते. कुत्रे आणि गिनिपिग यांच्या वृषणांचा अर्क त्याने स्वतःला टोचून घेतला होता. हाताची पकड वाढली, प्रयोगशाळेत तासन्‌तास उभे राहता येऊ लागले आणि जिने जवळजवळ धावत चढता येऊ लागले, असे त्याने सांगितले. थोड्याच काळात युरोप-अमेरिकेत अशा अर्कांचा बाजार उभा राहिला.

९/
त्या अर्कात प्रत्यक्षात जवळजवळ काहीच नव्हते. वृषण संप्रेरक साठवून ठेवत नाहीत, तयार होताच ते रक्तात सोडतात. शिवाय टेस्टोस्टेरॉन पाण्यात फारसे विरघळत नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तसाच अर्क तयार करून मोजला, तेव्हा त्यातील मात्रा परिणाम होण्याच्या दृष्टीने नगण्य निघाली. म्हणजे म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला जिना चढवला तो त्याच्या अपेक्षेने. पुढे येणाऱ्या प्रत्येक औषधाच्या बाबतीत हा जिना लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१०/
महाराष्ट्रात याच सुमारास बळाची चर्चा आखाड्यात चालली होती. १९०४-०५ मध्ये युजेन सँडो हा जगप्रसिद्ध बलवान हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. त्याच्या व्यायामपद्धतीचे आकर्षण येथील शिक्षित तरुणांना त्याआधीच लागले होते. औंधचे राजपुत्र, पुढे संस्थानाधिपती झालेले भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी, हेही आधी सँडोच्या पद्धतीने व्यायाम करीत. नंतर मिरजकर संस्थानिकांच्या उदाहरणावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले.

११/
बाळासाहेबांनी औंध संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार अनिवार्य केले. १९३८ मध्ये त्यांचे 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक लंडनमध्ये निघाले, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. १८६८ मध्ये जन्मलेले बाळासाहेब १९५१ मध्ये वारले. सँडोचा मृत्यू मात्र १९२५ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी झाला. दोन माणसांच्या आयुष्यावरून निष्कर्ष काढणे अशास्त्रीय होय. तथापि पिळदार दंड आणि दीर्घायुष्य या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, एवढे त्यातून सुचते.

१२/
आखाड्याची श्रद्धा वेगळी होती. वीर्य हेच बळ, ते राखले तर तेज वाढते आणि खर्चले तर माणूस झिजतो, अशी ती समजूत. हस्तपत्रके, व्याख्याने आणि शक्तिवर्धक औषधांच्या जाहिराती तिच्यावर पोसल्या गेल्या. १९२७ मध्ये र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि अशा समजुतींवर सातत्याने प्रहार केले. लैंगिक प्रश्नांचा विचार शरीरशास्त्राच्या आधारे व्हावा, या आग्रहासाठी त्यांनी खटले आणि सामाजिक बहिष्कार दोन्ही सोसले.

१३/
विज्ञानाने कर्व्यांची बाजू उचलून धरली. शुक्र आणि संप्रेरक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वृषणांतील वेगवेगळ्या पेशी त्या बनवतात, आणि संप्रेरक थेट रक्तात जाते. १९३१ मध्ये आडोल्फ बुटेनान्ट यांनी हजारो लिटर मूत्रातून काही मिलिग्रॅम अँड्रोस्टेरोन वेगळे केले. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकूर यांच्या गटाने बैलांच्या वृषणांपासून शुद्ध रूपात मिळवलेल्या संप्रेरकाला 'टेस्टोस्टेरॉन' हे नाव दिले.

१४/
त्याच वर्षी बुटेनान्ट आणि लेओपोल्ड रुझिच्का यांनी हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. त्यांच्या कृतीचा प्रारंभ ज्या पदार्थापासून झाला, तो होता कोलेस्टेरॉल. मानवी शरीरही टेस्टोस्टेरॉन कोलेस्टेरॉलपासूनच बनवते. पुरुषत्वाचे द्रव्य आणि धमनीत साचणारे द्रव्य यांचे हे नाते पुढील अनेक वादांच्या मुळाशी आहे.

१५/
आता डॉक्टरांच्या हाती खरे औषध होते. १९४६ मध्ये अमेरिकेतील मॉरिस लेसर यांनी छातीत कळ येणाऱ्या १०० हृदयरुग्णांना टेस्टोस्टेरॉन टोचल्याची हकिगत प्रसिद्ध केली. बहुतेकांना बरे वाटले. परंतु औषधाऐवजी साधे द्रावण टोचलेला दुसरा गट तुलनेसाठी नव्हता. ब्राउन-सेकारचा जिना येथे पुन्हा उभा राहतो. बरे वाटणे आणि बरे होणे यांतील अंतर तुलनेवाचून कळत नाही.

१६/
मग विचार उलट दिशेने गेला. स्त्रियांना पाळी जाण्यापूर्वी हृदयविकार कमी होतो, तेव्हा स्त्री-संप्रेरक पुरुषांना वाचवील काय? १९६६ पासून अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८,००० हून अधिक पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. तिच्यातील काहींना इस्ट्रोजेन देण्यात आले. १९७० मध्ये मोठ्या मात्रेचा गट थांबवावा लागला, कारण त्यांच्यात झटके वाढले होते. पुरुषी संप्रेरक घातक आणि स्त्री-संप्रेरक तारक, ही सोपी मांडणी तेथे कोसळली.

१७/
या काळात लंडनमध्ये एक डॉक्टर बसच्या जिन्याकडे पाहत होता. जेरी मॉरिस यांनी लंडन ट्रान्सपोर्टच्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० कामगारांच्या नोंदी तपासल्या. दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर एका पाळीत ५०० ते ७५० पायऱ्या चढे. दोघे एकाच वर्गातले, एकाच बसमधले. १९५३ मध्ये 'लॅन्सेट'ने निष्कर्ष छापला : कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो आणि झालाच तर तो कमी प्राणघातक ठरतो.

१८/
मॉरिस स्वतःच्या निष्कर्षावर संशय घेणारे होते. १९५६ मध्ये त्यांनी गणवेशांची मापे काढली. ड्रायव्हरांची कंबर नोकरीच्या आरंभापासूनच मोठी निघाली. म्हणजे फरकाचा काही भाग जिन्यामुळे नव्हे, तर नोकरीला कोणती माणसे लागली यामुळे होता. म्हणून त्यांनी कचेरीत बसून काम करणाऱ्या सरकारी नोकरांचा फावल्या वेळेतील व्यायाम तपासला. १९७३ मध्ये पुन्हा तेच दिसले : दमदार व्यायाम करणाऱ्यांचे हृदय अधिक सुरक्षित. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले.

१९/
हिंदुस्थानातील असा मोठा अभ्यास रेल्वेने दिला. पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी एस. एल. मल्होत्रा यांनी १९५८ ते १९६२ या काळातील देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांचे मृत्यू तपासले आणि १९६७ मध्ये निष्कर्ष मांडले. दक्षिणेतील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू उत्तरेतल्यांच्या सुमारे सातपट होते, आणि तूपदूध तर उत्तरेतले लोक अधिक खात. डहाणू रोड आणि घोलवडवरून धावणाऱ्या त्याच रेल्वेचा हा अधिकारी सांगत होता की एकच पदार्थ दोषी ठरवून हृदयविकाराचे कोडे सुटत नाही.

२०/
विसाव्या शतकाच्या अखेरीस टेस्टोस्टेरॉन जेल आणि पट्ट्यांच्या रूपात आले. वय वाढते तशी पुरुषाची पातळी हळूहळू उतरते, हे खरे. या उताराला रोगाचे नाव मिळाले आणि जाहिरातींना विषय. २०१० मध्ये युरोपातील आठ केंद्रांनी ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेमकी लक्षणे आणि कमी पातळी या दोन्ही कसोट्यांवर उतरणारे केवळ २.१ टक्के निघाले. वयापेक्षा लठ्ठपणा आणि जुनाट आजार यांचा त्या घसरणीशी अधिक घट्ट संबंध होता.

२१/
त्याच वर्षी अमेरिकेतील दुसरी चाचणी मध्येच बंद पडली. चालण्याफिरण्यात अडचण असलेल्या ६५ वर्षांवरील पुरुषांना टेस्टोस्टेरॉन जेल दिले होते. त्यांचे स्नायू बळकट झाले, पण हृदयाच्या तक्रारी वाढल्या. २०२३ मध्ये पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील मोठ्या चाचणीने भीती काहीशी कमी केली. कमी पातळी असलेल्यांत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण औषधामुळे वाढले नाही. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे, हे प्रकार अधिक दिसले.

२२/
व्यायाम आणि संप्रेरक यांना एकाच तराजूत तोलले गेले ते ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात. ५० ते ७० वयाचे, पोट सुटलेले आणि टेस्टोस्टेरॉन खालच्या बाजूला असलेले पुरुष निवडले. काहींना औषध, काहींना देखरेखीखाली व्यायाम, काहींना दोन्ही आणि काहींना दोन्हींपैकी काहीच नाही. असे १२ आठवडे चालले. २०२१ मध्ये निकाल आला : व्यायामाने धमन्यांची प्रसरणक्षमता सुधारली. टेस्टोस्टेरॉनने ती सुधारली नाही, आणि व्यायामाच्या लाभात भरही घातली नाही.

२३/
याचे कारण धमनीच्या आतील अस्तरात आहे. व्यायामात रक्ताचा वेग वाढतो. तो प्रवाह अस्तराला घासून जातो, तेव्हा त्याच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि धमनी सैलावते. हे वारंवार घडले की अस्तर तल्लख राहते. वयानुसार ते मंदावते आणि धमन्या ताठर होतात. बाहेरून टोचलेले संप्रेरक स्नायू वाढवू शकते, परंतु रक्ताला धावायला लावण्याचे काम माणसाच्या पायांनाच करावे लागते.

२४/
मग जंगलात राबणाऱ्या पुरुषाचे काय? बोलिव्हियातील त्सिमाने हे शिकार, मासेमारी आणि छोटी शेती करणारे लोक. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांच्यातील ४० ते ९४ वयाच्या ७०५ जणांच्या हृदयधमन्यांच्या तपासणीचे निष्कर्ष आले. ८५ टक्के लोकांच्या धमन्यांत कॅल्शियमचा अंशही नव्हता. तोवर तपासलेल्या कोणत्याही समाजात इतक्या निरोगी धमन्या आढळल्या नव्हत्या. त्यांचे पुरुष दिवसाचे सहा ते सात तास हालचालीत असतात.

२५/
जाहिरातींच्या तर्काने या पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन भरपूर असावे. प्रत्यक्षात ते अमेरिकन पुरुषांपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी निघाले. सतत जंतुसंसर्गाशी लढणारे आणि मोजकेच अन्न मिळणारे शरीर संप्रेरकावर उधळपट्टी करीत नाही. परंतु तासभर झाडे तोडल्यावर त्यांची पातळी जवळपास ४७ टक्क्यांनी चढली, आणि ही वाढ वयस्कांतही दिसली. गरज पडेल तेव्हा चढावे आणि काम सरले की उतरावे, अशी ही चाल. हृदयाचे आरोग्य रक्तातील कायमच्या उच्च पातळीवर अवलंबून नाही, हे येथे उघड होते.

२६/
येथे वाचकाला तलासरीचा जंगलकामगार आठवेल. तोही कुऱ्हाडीने झाडे तोडीत होता, विळ्याने गवत कापीत होता, दिवसभर चालत होता. तर मग वेठबिगारीने वारल्यांची हृदये निरोगी केली, असे म्हणायचे काय? असा निष्कर्ष इतिहासावर अन्याय करील आणि विज्ञानावरही. कारण राबणे आणि व्यायाम या दोन गोष्टी शरीराला सारख्या नसतात, याचा पुरावा याच वर्षांत जमा झाला आहे.

२७/
कोपनहेगन शहर आणि परिसरातील एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांचा दहा वर्षे मागोवा घेण्यात आला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : फावल्या वेळेत अधिक हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार आणि मृत्यूचा धोका कमी होता. कामावर अधिक अंगमेहनत करणाऱ्यांना मात्र तो अधिक होता. धूम्रपान, शिक्षण, उत्पन्न इत्यादींचा हिशेब करूनही हा फरक उरला. त्याचे सर्व अर्थ अजून वादात आहेत.

२८/
एक स्पष्टीकरण असे दिले जाते. व्यायाम थोडा वेळ चालतो, हृदयाचे ठोके वाढवतो आणि मग विश्रांती देतो. मजुरी तासन्‌तास चालते, ओझे उचलायला लावते, रक्तदाब चढता ठेवते आणि सावरायला वेळ देत नाही. कधी थांबायचे, हे मजूर ठरवीत नाही. त्सिमाने पुरुष थकला की झोपाळ्यात पडतो. सावकाराच्या शेतावरील लग्नगडी थकला तर मार खाई. दोघांच्या हातात कुऱ्हाड तीच असली तरी तिचा दांडा धरणारा हुकूम निराळा होता.

२९/
या दृष्टीने १९४५ च्या मागण्या पुन्हा वाचाव्यात. वेठ बंद करणे म्हणजे आपल्या शरीराचे तास आपल्याकडे घेणे. रोख १२ आणे म्हणजे झिजलेले अंग भरून काढणारे अन्न विकत घेण्याची शक्ती. ५०० पौंडांमागे ठराविक दर म्हणजे गवताच्या भाऱ्याला आणि पाठीच्या कण्याला एक मर्यादा. झरीच्या सभेत कोणी हृदयविकाराचा शब्द उच्चारला नसेल. तरी श्रम, अन्न आणि विश्रांती यांचे जे गणित आज प्रयोगशाळा मांडते, तेच तेथे न्यायाच्या भाषेत मांडले गेले होते.

३०/
डी क्राइफच्या पुस्तकाचा नायक होता शहरी, सुस्थित, वयाची पन्नाशी ओलांडलेला पुरुष. स्वतः लेखकही त्याच वयाचा होता आणि ते संप्रेरक घेत होता. त्या पुरुषाला बळ हरवल्याची भीती होती. तलासरीच्या पुरुषाकडे बळ होते, परंतु ते त्याचे नव्हते. एकाच वर्षी एकाला बळ विकत घेण्याचा मार्ग दाखवला गेला आणि दुसऱ्याने आपले बळ फुकट देण्यास नकार दिला. विसाव्या शतकातील पुरुषदेहाचा इतिहास या दोन टोकांमध्ये पसरलेला आहे.

३१/
आज मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरीतून जातो. दिवाळीनंतर पालघर जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला बाहेर पडतात. त्यांतील उतारवयाच्या माणसाला डॉक्टर 'व्यायाम करा' असे सांगतील, तेव्हा आठ-दहा तास विटा वाहिलेल्या त्या देहाला तो सल्ला कसा ऐकू येईल? उलट त्याच महामार्गावरून गाडीत बसून जाणाऱ्या समवयस्काला तोच सल्ला अमृतासारखा आहे. एकाला हवी आहे हालचाल. दुसऱ्याला हवी आहे विश्रांती, पुरेसे अन्न आणि रक्तदाबाची वेळेवर तपासणी.

३२/
बेर्टहोल्डच्या कोंबड्यापासून पर्थच्या चाचणीपर्यंत पावणेदोनशे वर्षे गेली. इतक्या काळात हाती आलेले सार थोडे आहे. ज्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आहे, त्यांच्यासाठी ते उपयुक्त औषध आहे आणि ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाचे असते. म्हातारपणाला परत पाठवण्याची शक्ती त्याच्यात सिद्ध झालेली नाही. वयस्क हृदयाला आधार देतो तो नियमित चालणारा देह. तो देह केव्हा चालणार आणि केव्हा थांबणार, हे ज्याच्या हाती आहे, त्यालाच त्या चालण्याचे पुरते फळ मिळते. तलासरीच्या वारल्यांनी ही दुसरी अट १९४५ मध्येच ओळखली होती.

(धागा समाप्त)